सहा कार्बनचं कडं

पाय भाजतात म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं पोटॅशियम परमँगनेट काल बादलीत टाकलं. पाण्यात जांभळे धागे उलगडत गेले आणि मला महाडचं आमचं परसदार दिसलं. सावित्रीचा पूर ओसरला की विहिरीत हेच औषध पडायचं, मग सगळं घर गुलाबी पाणी प्यायचं.

नातवंडांनो, कॉलेजातून एका सुट्टीत मी सायक्लोहेक्झीनची छोटी बंद नळी घरी आणली होती. स्वतः ऊर्ध्वपातन करून मिळवलेला, पाण्यासारखा स्वच्छ पण घासलेटासारख्या उग्र वासाचा द्रव. सहा कार्बनचं कडं, त्यात एकच दुहेरी बंध. कागदावर ते सपाट काढतात. प्रत्यक्षात दुहेरी बंधासमोरचे दोन कार्बन, एक वर आणि एक खाली, असे मुरडलेले असतात. सपाट व्हायला तयार नसलेलं ते कडं मला फार आवडायचं.

पोलादपूरहून थोरले काका आले होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि मी शेवटच्या वर्षाला परत जाणं त्यांना नको होतं.

"शिकतेस तरी काय गो? दाव बघू."

मी पेल्यात विहिरीच्या औषधाचं फिकं पाणी घेतलं, नळीतले थेंब टाकून ढवळलं. जांभळा रंग गेला, तपकिरी गाळ उरला.

काका उठून उभेच राहिले. "औषध नासवलंस! आईबापाला हेच पाजणार हायस काय?"

"नासलं नाही, काका. दुहेरी बंधातला एक सुटला, तिथं नवं जोडलं गेलं."

"आज ह्यो सुटला, उद्या घर सोडशील."

सुपारी कातरणाऱ्या बाबांचा अडकित्ता थांबला.

"कडं तुटत नाही," मी म्हणाले. "पण ते पहिल्यासारखंही राहत नाही. मीही राहणार नाही. सोमवारी मी जाणार."

"आनि मी नाय म्हटलं तर?"

"तरी जाणार."

"भावजी, पानं वाढलीत," आतून आई म्हणाली. "भांडण जेवल्यावर करा."

काका जेवले, पण माझ्या लग्नापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी बाबांनी माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली. त्या दुपारबद्दल मी कुणाची माफी मागितली नाही, मागणारही नाही.

दोन बंध म्हणजे दुप्पट पक्कं, असं वाटतं. पण त्या रेणूला नवं काही जोडायचं तर ते तिथंच जोडलं जातं. मला घरानं दुहेरी बांधलं होतं, मायेनं आणि धाकानं. धाक सुटला. त्याच्या जागी प्रयोगशाळा आली, परकी शहरं आली, तुमचे आजोबा आले, तुम्ही आलात. माया जागची हलली नाही.