कवळी गवार

आमच्या विहिरीजवळच्या जुन्या बाभळीवर गरुडाच्या जोडीचं घरटं होतं. हैदराबादेहून पदवी घेऊन मी गावी आलो, तेव्हा त्यात एक पिल्लू होतं. मोटेची पाळी संपली की आईवडील बैलांच्या धावेवर बसून ते बघत. मादी भक्ष्य घेऊन आली की आई म्हणे, "आली बया. लेकरू कवाचं वरडतंय."

मेंढरं राखून, शेत कसून त्या दोघांनी मला शिकवलं. घरात उर्दू समजणारा मी एकटाच.

एक दिवस हैदराबाद सरकारचे साहेब दौऱ्यावर आले, घोड्यावरून. त्यांना शिकारी पक्षी पाळायचा शौक. पिल्लू काढायला त्यांनी शिपायाला झाडावर चढायला सांगितलं. आई पुढं झाली.

"सायेब, मायबापाच्या डोळ्यांम्होरं लेकरू का म्हून नेता?"

मी ते उर्दूत सांगितलं. साहेबांचा कारकून हसला. "गँवार है, हुजूर. बिलकुल गँवार."

माझे कान तापले. 'गँवार' म्हणजे अडाणी, हे आईला कुठून कळणार? आईचा चेहरा मात्र उजळला. ती लगबगीनं पाटाकडं गेली आणि ओटीभर गवारीच्या शेंगा तोडून आली.

"घ्या सायेब. लई कवळी हाय. मागायला लाजायचं कशाला?"

साहेबांनी मला विचारलं, "ये क्या है?"

"गवार," मी म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.

साहेब शेंगांकडं बघत राहिले. मग कारकुनाकडं. कारकुनानं मान खाली घातली. साहेबांनी घोड्यावरून उतरून रुमाल पसरला, शेंगा घेतल्या, शिपायाला खाली बोलावलं आणि निघून गेले.

वडील म्हणाले, "पोराच्या एका शब्दानं पाखरू वाचलं. शिकल्याचं चीज झालं." त्यांनी ते गावभर सांगितलं. पारावर लोक मला उठून जागा देऊ लागले.

पिल्लू उडालं त्या दिवशी आईनं गवारीचीच भाजी केली. वाढता वाढता तिनं विचारलं, "त्येंच्या बोलीतबी गवारच म्हनत्यात का रं?"

"हो," मी ताटाकडं बघत म्हणालो. "गवारच."

"बघ की," ती वडिलांना म्हणाली, "मला उर्दू कळली."