विहिरीवरच्या सुगरणी आणि माझी मागची भिंत

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही शेवटचं वर्ष निम्मंच. पण पाखरांच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं परवापरवापर्यंत चारचौघांत सांगत होतो. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलाने दुर्बीण आणून दिली, तेव्हा तर डोक्यात आणखीच हवा गेली. मुंबईची माणसं रेवसच्या धक्क्याला बोटीतून उतरून पाखरं बघायला आमच्या वाडीत येतात. त्यांना मी सगळं दाखवतो. विचारलं नाही तरी दाखवतो.

आमच्या विहिरीवर वाकलेल्या माडाला पावसाळ्यात सुगरणींची घरटी लटकतात. तिथलं माझं भाषण ठरलेलं. भाताच्या पातीचे दोरे काढून ही बाई एकटी घर विणते, आत चिखल लावते, त्यात उजेडाला काजवे चिकटवते! "आणि आमच्याकडे बघा. चाळीस वर्षं एक बाई नुसत्या खिडकीसाठी भांडतेय."

हे बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. फोडणीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला तिला खिडकी हवी होती. मी म्हणायचो, पावसाचा झोत आत येईल. खरं कारण वेगळं. त्या भिंतीचा चिरा न् चिरा मी स्वतः बसवलेला, आणि माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला सोसत नाही.

यंदा श्रावणात आलेल्या एका मास्तरीणबाईंनी भाषण संपेपर्यंत धीर धरला. मग म्हणाल्या, "काका, विणतोय तो नर आहे, पिवळ्या डोक्याचा. चिखलही तोच लावतो. मादी बघायला येते. काजव्यांचं म्हणाल, तर ती नुसती गोष्ट आहे."

"बाई, माझा जन्म गेला हाय ह्या विहिरीवर."

"पण कधी बसून बघितलंत?"

त्यांना खोटं पाडायला मी तीन दिवस छत्री घेऊन कठड्यावर बसलो. पिवळा पाती आणतोय, विणतोय. अर्धं झालं की पंख फडफडवून बोलावतोय. मळकी मादी येते, आत डोकं घालते, चोचीने ओढून बघते आणि भुर्र! तो बिचारा शेजारी दुसरं घर सुरू करतो. असली अर्धवट घरटी जन्मभर मी वाऱ्याने मोडलेली समजत होतो.

तिसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन आली. दुर्बीण तिने मागितली नाही, काढूनच घेतली. बराच वेळ बघत राहिली.

"हिला न्हाय पसंत पडलं वाटतं."

"हं."

"मग तो काय म्हणाला? झोत आत येईल?"



पाऊस उघडला तशी मी छिन्नी-हातोडा काढला. मुलगा म्हणाला, गवंडी बोलवू. माझ्या भिंतीला दुसऱ्याचा हात? चार दिवस धूळ खाल्ली, अंगठा ठेचला, चौकट बसवली. मग तिला हाक मारली आणि बाजूला उभा राहिलो.

तिने चौकट हलवून पाहिली. मग टाचा उचलल्या.

"अहो, मला नुसतं आभाळ दिसतंय."

माप मी माझ्या डोळ्यांचं घेतलं होतं. तिला भिंतीशी उभं करून बघायचं डोक्यातच आलं नाही. उद्या खालचा एक थर काढायचाय.