अकरा चाळीसचा स्लॉट

रघुवीर टिपणीसांच्या घरात मी दीड वर्षापासून भाड्याने राहतो. मी पुण्याचा, नॉटिंगहॅममध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलो. ते अडुसष्ट वर्षांचे. सत्तावीस वर्षं बस डेपोत फिटर होते. बायको, अर्चनाकाकू, नऊ वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. मी त्यांना काका म्हणतो. गेल्या जानेवारीत जे झालं त्यातलं थोडं मी पाहिलं, उरलेलं त्यांनी मला किचनमध्ये बसून, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

इथल्या आपल्या लोकांत काका ओळखले जायचे ते गाडीमुळे. अठ्ठावीस वर्षांची जर्मन गाडी, गडद निळी, आत सायीच्या रंगाचं लेदर. मोठं इंजिन पुढे आणि ताकद सगळी मागच्या चाकांना. इथल्या मराठी मंडळातल्या चौदा मुली लग्नाच्या दिवशी या गाडीतून हॉलवर गेल्या. काका कुणाकडून काही घेत नसत. काळा कोट घालून दार उघडून उभे राहायचे, तेवढंच त्यांना हवं असायचं.

उल्हास हे त्यांचे सगळ्यात जुने मित्र. त्र्याऐंशी साली दोघं एकाच महिन्यात इथे आले आणि शहरातल्या लेंटन भागात एका खोलीत दोन वर्षं राहिले. पुढे उल्हासकाकांनी केमिस्टचं दुकान चालवलं. त्यांची आणि नंदाकाकूंची इथेच वाढलेली मुलगी ईशिता ही त्या चौदा मुलींतली एक. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उल्हासकाका गेले. क्रिमेटोरियमची, म्हणजे दहनाची, वेळ दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची मिळाली, अकरा चाळीसची.

बुधवारी दुपारपासून बर्फ पडत होता. संध्याकाळी ईशिताचा फोन आला. काकांनी स्पीकरवर घेतला होता म्हणून मी ऐकलं.

"रघुकाका, तो फ्युनरलवाला माणूस म्हणतो, त्यांचा फोर-बाय-फोर आहे. मी आणि मम्मी त्यात येऊ शकते. मेबी दॅट्स सेफर?"

"ईशिता, तुझ्या बाबाला मी शब्द दिलाय. वहिनींना मी नेणार. बर्फात गाडी चालवायला मी काय काल शिकलो?"

 "ओके काका," ती म्हणाली.

शब्द खरंच दिला होता का, ते मी नंतर विचारलं. "हॉस्पिटलमध्ये तो म्हणाला होता, नंदाकडे लक्ष ठेव," काका म्हणाले. "गाडीचं मीच जोडलं."

फोर-बाय-फोरची चारही चाकं जोर लावतात; नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात कशी वागते हे त्यांना चांगलं माहीत होतं. दर हिवाळ्यात ते बर्फाचे टायर चढवायचे आणि डिकीत वाळूची दोन पोती टाकायचे, म्हणजे मागचा भाग दबून चाकं पकड घेतात. त्या हिवाळ्यात पाठ धरली होती, टायर गॅरेजमध्येच राहिले. पोती मात्र डिकीत होती. सकाळी नंदाकाकूंच्या दारात गेल्यावर त्यांची घडीची व्हीलचेअर आणि फुलं ठेवायला जागा पुरेना. काकांनी पोती उचलून अंगणात ठेवली आणि ते मायलेकींना घेऊन निघाले.

मी आणि मंडळातली दहाबारा माणसं ट्रामने आणि मग चालत पुढे गेलो होतो. शववाहिनीही परस्पर पोहोचली होती.

मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, तिथवर गाडी नीट आली. क्रिमेटोरियमच्या टेकडीचा चढ लागला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे एक व्हॅन थांबली म्हणून काकांना थांबावं लागलं. व्हॅन गेली. काकांनी दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हलक्या पायाने गाडी उचलून पाहिली. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडीचा मागचा भाग सावकाश डावीकडे सरकत जाऊन फुटपाथच्या कडेला टेकला. त्यांनी मागे घेऊन पाहिलं. पायाखालची मॅट काढून चाकाखाली घातली. तिथल्या घरांतले दोघं फावडं घेऊन आले, ढकलायला लागले. गाडी हातभर वर जायची आणि दीड हात खाली यायची.

ईशिताने फ्युनरलवाल्यांना फोन केला. त्यांची ती फोर-बाय-फोर गाडी आता दुसऱ्या कुटुंबाकडे गेली होती. बारा वीसला पुढचा अंत्यविधी होता, त्यामुळे फार तर पंधरा मिनिटं थांबू म्हणाले. टॅक्सीवाले तासाभराच्या आत येईनात. काकांनी व्हीलचेअर उघडून बर्फावर ठेवली, नंदाकाकूंना बसवलं आणि ढकललं. पुढची लहान चाकं चार पावलांत रुतली.

"मम्मी, मी चालत जाते," ईशिता म्हणाली. "यू स्टे विथ काका." ती साडीवर कोट घालून, गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून चढ चढायला लागली. अजून सव्वा मैल होता.

काकांनी नंदाकाकूंना परत मागच्या सीटवर बसवलं आणि हीटर लावला. मग त्यांना वेबकास्ट, म्हणजे अंत्यविधीचं थेट प्रक्षेपण, आठवलं. नागपूरला उल्हासकाकांच्या भावासाठी लिंक पाठवली होती. ती काकांच्या मोबाइलवरही होती.

इकडे क्रिमेटोरियमच्या चॅपलमध्ये, प्रार्थनेच्या खोलीत, आम्ही वाट पाहत उभे होतो. पुढची बाकं कुटुंबासाठी रिकामी ठेवली होती. अकरा पंचावन्नला तिथला माणूस हळू आवाजात म्हणाला की आता सुरू करावं लागेल. श्लोक झाले. मग त्याने विचारलं, कुटुंबातलं कुणी आहे का? शवपेटीपुढचा पडदा बंद करायचं बटण कुणीतरी दाबायचं होतं; इथे अग्नी देणं म्हणजे एवढंच. कुणीच पुढे होईना. सगळे वयस्कर, आणि मी त्यांच्यात तरुण. कुणीतरी म्हणालं, "परीक्षित, तूच कर." उल्हासकाकांना मी आयुष्यात तीनदा भेटलो होतो. बटण मी दाबलं.

टेकडीखाली गाडीत नंदाकाकू ते मोबाइलवर बघत होत्या. चित्र मध्येच अडकत होतं. पडदा सरकला तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊजी, हा मुलगा कोण?"

"माझा भाडेकरू आहे, वहिनी."

"ईशिता दिसत नाही."

"येईल आता."

ती त्या चित्रात आलीच नाही. ती पोहोचली तेव्हा बारा वाजून सात मिनिटं झाली होती आणि आम्ही बाजूच्या दाराने बाहेर पडत होतो. तिचे दोन्ही तळहात सोलवटले होते. बटण मी दाबलं हे तिला सांगायचं मला धाडस झालं नाही.

दीड वाजता कौन्सिलची मिठाची गाडी आली आणि वीस मिनिटांनी काकांची गाडी सहज चढायला लागली. वर जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी ती वळवली आणि नंदाकाकूंना घरी सोडलं.

अंत्यविधीनंतर तेराव्या दिवशी काका त्यांच्या घरी गेले तेव्हा ईशिताने दार अर्धंच उघडलं. "मम्मी झोपलाय," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यातही तेच. मंडळात कुणी त्यांना उघड बोललं नाही, पण उशिरा, फेब्रुवारीत ठेवलेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावताना दोघंतिघं त्यांच्याशी नुसत्या हवापाण्याच्या गोष्टी बोलत राहिले. एका मुलीच्या वडिलांनी मे महिन्यातल्या लग्नासाठी बाहेरची गाडी ठरवली. काकांनी गाडी आता रस्त्यावर काढणार नाही असं सरकारला कळवून टाकलं आणि ते बसने फिरू लागले.

मार्चमध्ये नंदाकाकूंनी स्वतः फोन करून बोलावलं. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. अर्ध्या तासात परत आले. मी चहा ठेवला. 

"राग नाही म्हणाली," ते म्हणाले. "चहा दिला. मग म्हणाली, भाऊजी, तुम्ही समोर आलात की मला तो मोबाइल दिसतो. ह्यांचा चेहरा आठवायला गेलं तरी तोच दिसतो. आता येत जाऊ नका."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

मी म्हणालो की काही महिने जाऊ द्या, बदलेल. त्यांनी मान हलवली, पण ते माझ्याशी सहमत होण्यासाठी नव्हतं. चाळीस वर्षांत नॉटिंगहॅममध्ये त्यांनी जी एकदोन घरं आपली मानली होती, त्यातलं हे शेवटचं होतं. कप धुऊन त्यांनी पालथा घातला आणि अजून उजेड असतानाच ते वर झोपायला गेले.