वाघमारे सरांची टिन ऑक्साइडची गोळी

प्रयोगशाळेत निष्कर्ष यायला वर्षं लागतात, किस्से मात्र आपोआप साठतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जिंतूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. आमचे वाघमारे सर दारूची वाफ ओळखणारी गोळी बनवत होते. टिन ऑक्साइडची पूड दाबून गोळी करायची, मीटरला जोडून तापवायची. वाफ लागली की मीटरचा काटा उडायचा.

*

पूड जितकी बारीक तितकी गोळी तल्लख. आमचे शिपाई दगडूमामा चार दिवस खल घोटत होते. सर चिमटीत घेऊन म्हणायचे, "मामा, अजून बारीक!"

मामा वैतागले. "सर, याच्याहून बारीक केली तर दिसायची न्हाई!"

"तेच तर पाहिजे!"

*

एकदा चाचणीच्या दारूची बाटली न उघडताच काटा हलला. सरांना घाम! वर्षाची मेहनत पाण्यात? शेवटी टेबलाखाली मामांचा डबा सापडला.

"आंबील हाय, सर. चांगली आंबलीय!"

*

प्राचार्य व्यसनमुक्तीवर भाषणं द्यायचे. पाहुण्यांसमोर त्यांनी स्वतःच गोळीवर फुंकर मारली. काटा टोकाला! पाहुणे छताकडे बघायला लागले.

मी धीर करून विचारलं, "सर, खोकल्याचं औषध घेतलंत का?"

त्यांनी खिशातून बाटली काढली. लेबलावर 'अल्कोहोल' वाचून अख्ख्या स्टाफचा जीव भांड्यात पडला. प्राचार्य म्हणाले, "गोळी पास! औषध नापास!"

*

बोरीचा शेषराव एका जिनिंग मिलचा ट्रक चालवायचा. झोकांड्या जातात, तोंडाला वास येतो म्हणून मालकानं त्याला दारुडा ठरवून घरी बसवलं. आमच्या गोळीचं ऐकून तो बायकोला घेऊन थेट कॉलेजात आला.

"सर, मी थेंबाला शिवत न्हाई. मशीनसमोर फुंकतो, मालकाला चिठ्ठी द्या!"

फुंकला. काटा उडाला!

बायको मटकन खाली बसली. शेषरावच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकराची आण, सर..."

मी नजर वळवली. वाघमारे सर मात्र त्याच्या तोंडाजवळ वाकले. "हा दारूचा वास नाही. पिकलेल्या फळासारखा आहे. गोळीला फरक कळत नाही! शेषराव, तहान फार लागते?"

"लय! घागर पुरत न्हाई," बायकोच म्हणाली.

सरांनी चिठ्ठी लिहिली, पण परभणीच्या डॉक्टरला. रक्तातली साखर भयंकर वाढली होती, श्वासाला वास त्यामुळेच येत होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. दोन दिवसांनी काही खरं नव्हतं."

महिन्याभरानं शेषराव ताठ चालत आला. मालकानं माफी मागून कामावर घेतलं होतं. हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या, सर! मला सोडून समद्यांनी खा!"