दगा आबांची जीभ

दगा आबांना जेवायला बोलावणं म्हणजे यजमानाने परीक्षेला बसणं. पाट मांडलेला, ताट वाढलेलं, उदबत्तीचा धूर निघतोय, आणि आबा पहिला घास हातात धरून विचारणार, "हाई कोना वावरनी शे?"

भाकरी कोणाच्या शेतातली, डाळ कोणाच्या शेतातली, मिरची कोणाची. उत्तर मिळालं की समाधानाने मान हलवायची आणि मगच घास तोंडात टाकायचा. तळोद्याच्या एका लग्नात बुंदीचे लाडू आले, तेव्हा त्यांनी वाढप्याला थांबवून चौकशी केली, "तूप कोनती म्हैसनं शे रे भो?"

"म्हैसनं नही आबा, डबानं शे," वाढपी म्हणाला.

"डबाले शिंगडा शेतस का?"

एवढं बोलून आबांनी लाडू हलकेच ताटाच्या कडेला सरकवला. वधूपिता लांबून पाहत होता. त्याने पुढच्या लग्नात आबांना पंगतीत न बसवता रुखवताच्या राखणीला बसवलं म्हणतात.

प्रकाशा या तापीकाठच्या गावी आबांची बारा एकर काळी जमीन होती. घरात दुकानातून यायचं ते मीठ, चहापत्ती आणि काडेपेटी. आबांचं चाललं असतं तर त्यांनी मीठही पेरून पाहिलं असतं. तेल आपल्याच शेंगांचं, गावच्या घाण्यावर काढलेलं. अंबाडी बांधावरची. वांगी परसातली, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. चैत्र आला की नदीच्या वाळूतली टरबुजं. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, देव्हाऱ्यात देव असावा तशी, दादरची भाकरी.

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. आंब्याच्या झाडाजवळचा दोन एकरांचा तुकडा आबा पावसाळाभर मोकळा ठेवत. शेणखत घालून, कुळवून, जमिनीला नुसतं पाणी पिऊ देत. पावसाने पाठ फिरवली की दादर पेरायची. मग वरून थेंब नको की काही नको. त्या तुकड्याबद्दल आबा असे बोलत की नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा कुण्या गुणी लेकीबद्दल सांगतोय. रोज ताटावर बसले की पहिला घास मोडायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वा! काय वावर शे!"

भाकरी थापून धुराने डोळे लाल झालेली धनुबाई, म्हणजे आबांची बायको, चुलीपुढे बसून हे चाळीस वर्षं ऐकत होती.

सदुसष्ट सालच्या चैत्रात त्या वावरावर संकट आलं, आणि तेही घरातूनच. मुलगा गिरधर धुळ्याला शेतकी शिबिराला जाऊन आला. जाताना तो साधा गिरधर होता, येताना हायब्रीड ज्वारीचा वकील होऊन आला. त्याने उरलेल्या दहा एकरांत आधीच नवनवे प्रयोग चालवले होते. आबांनी तिकडे कानाडोळा केला होता. आता त्याची नजर आंब्याजवळच्या तुकड्यावर गेली.

"आबा, पावसायाभर ते वावर रिकामं ऱ्हास," गिरधर म्हणाला. "पांढरं खत टाकं आनि हायब्रीड पेरं, तं एकरले पंधरा पोता व्हतीन. मगन काकाले इचारा."

मगन म्हणजे शेजारी. गेल्या पावसाळ्यात त्याने हायब्रीड पेरली होती आणि पोती ठेवायला जागा नाही म्हणून बैल पडवीत बांधले होते.

"पोता भरतीन रे," आबा म्हणाले. "चव काय तुन्हा शिबिरवाला दीन? एक घास खाईसन सांगसू मी, दादर कोनती आनि हायब्रीड कोनती. डोया बांधीसन!"

गिरधरने शब्द तिथल्या तिथे उचलला. "वळखी दखाडा आबा. वळखं तं ते वावर मी कधीच मांगाव नही. नही वळखं, तं ह्या पावसायामा हायब्रीड."

आबांनी मांडीवर थाप मारली. शर्त लागली. पंच म्हणून मगनला नेमलं, कारण हायब्रीडचं धान्य त्याच्याकडचं आणि गल्लीत फुकट करमणुकीची हौसही त्यालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर गल्ली जमली. सहा भाकरी करायच्या, तीन दादरच्या, तीन हायब्रीडच्या. मगनने क्रम ठरवून कोळशाने आतल्या भिंतीवर खुणा केल्या. आबांचे डोळे त्यांच्याच फेट्याने बांधले. सोबत ठेचा मागितला तर मगन म्हणाला, "ठेचा लावा आनि मंग तुम्ही जोडाबी खाश्यात. कोरीच खा."

घासाघासाला तापीच्या पाण्याने चूळ भरत आबांनी सुरुवात केली. पहिला तुकडा बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, चावला. "दादर." दुसरा तोंडात जाताच त्यांचं तोंड कुणी सोयरीक मोडल्यासारखं झालं. "हाई मगननी शे." तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सहाही बरोबर!

गल्लीने टाळ्या पिटल्या. आबांनी फेटा सोडून पुन्हा डोक्यावर चढवला, तो रोजच्यापेक्षा चार बोटं उंच. "वावर बोलस भो, वावर! जीभले आयकू येस." गिरधर खाली मान घालून बसला. हरला तरी तो शब्दाचा पक्का. उठून आबांच्या पाया पडणार, एवढ्यात आतून आवाज आला.

गिरधरची बायको सरलाबाई सासऱ्यासमोर बोलत नसे. तिला जे सांगायचं ते ती चुलीला सांगे, आणि चुलीला सांगितलेलं ओट्यावर स्पष्ट ऐकू येई.

"वळखाव नहीत तं काय व्हई," ती चुलीला म्हणाली. "दादरन्या तिन्ही आत्याबाईन्या हातन्या, आनि हायब्रीडन्या तिन्ही मन्हा हातन्या."

 मगनने आत डोकं घातलं. "काय वहिनी, खरं शे का?"

खरं होतं. धनुबाईने सकाळीच जाहीर केलं होतं, "मन्ही काठवटले ते पीठ मी लावसू नही." धन्याच्या बाजूने शर्त लागलेली, त्या काठवटीत शत्रूचं पीठ मळणं तिला पाप वाटलं. म्हणून हायब्रीडचं पीठ सुनेने आपल्या पितळी परातीत मळलं, आपणच थापलं, आपणच भाजलं. धनुबाईने निष्ठेपायी केलं ते, पण सगळी परीक्षाच बाद झाली.

आबा उसळले. "हातना काय संबंध? मी वावर वळखं!"

"मंग सकाय परत वळखा," मगन म्हणाला. एकाच आठवड्यात दोनदा तमाशा, त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "हात बदला. हायब्रीड वहिनी करतीन, दादर सून करी."

धनुबाईने रात्रभर कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी सुनेची परात घेऊन बसली. आज ओटा भरून माणसं अंगणात उभी होती. पलीकडच्या गल्लीतला इंद्रसिंग तर दाढी अर्धी करून आला होता. उरलेली अर्धी नंतर.

फेटा बांधला. पहिला तुकडा. आबांनी बोटांनी कड चाचपली, तोंडात टाकला आणि चेहरा कसा उजळला! "दादर! आखी दुनिया बदली जाई, मन्हं वावर नही बदलाव."

मगनने भिंतीवरच्या खुणेकडे पाहिलं आणि खाकरला. ती हायब्रीड होती.

दुसरा तुकडा. "हायब्रीड. खरबरीत." ती आबांच्या लाडक्या वावरातली दादर होती, फक्त सरलाबाईच्या हातची. मग आबा थांबेनातच. सहाही ठोकून सांगितल्या. सहाही चूक.

कोणी हसलं नाही. गिरधरसुद्धा जिंकल्यासारखा दिसेना. मगनने फेटा सोडला तेव्हा आबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारताच समजले. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला बासष्टीचा माणूस एकाएकी बोळका वाटायला लागला. जडपणे म्हणाले, "गिरधर, वावर तुन्हं. पेर काय पेरनं ते."

"थांबा," धनुबाई म्हणाली.

ती दारात उभी होती, हात पिठाने कोपरापर्यंत पांढरे. इतक्या माणसांसमोर ती कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"चाळीस वरीस व्हयनात," ती आबांना म्हणाली. "रोज ताटवर बठीसन वावरनं कौतुक. वावर असं, वावर तसं. माले वाटे, मन्हा हातमा काहीच नही, वावरच सैपाक करस. आज समजनं. तुम्ही चाळीस वरीस मन्हं खाई ऱ्हायनात, आनि नाव वावरनं ली ऱ्हायनात!"

आता मात्र अंगण फुटलं. इंद्रसिंग तर भिंतीला धरून हसला. धनुबाई रागावली होती की खूश होती हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही, आणि मापही सारखंच. हशा ओसरू देऊन ती मगनकडे वळली.

"पंच, सांग. काल कोन जिकनं?"

"तुम्ही, वहिनी."

"आज?"

मगनने डोकं खाजवलं. "आज बी तुम्हीच."

"माय, शर्त आबानी आनि मन्ही व्हती," गिरधरने वकिली करून पाहिली.

"शर्त तुमनी, पन भाकरी मन्ह्या. दोन्ही डाव मी जिकनू. मंग वावर कोनं?"

मगनने पंचपदाची सगळी अब्रू एकवटून निकाल दिला. वावर धनुबाईचं. या निकालावर अपील करायची छाती कुणाची नव्हती.

"मंग आयका," धनुबाई म्हणाली. "ह्यासनी जीभले काही समजनं नही. मन्हा मनगटले समजनं. हायब्रीडनं पीठ जीव धरस नही. थापता थापता काठ फाटस. ऊन शे तठलोंग बरी लागस. आपलं मानूस वावरमा दुपारले खास, गार. तव्हय पाहा."

तिने सकाळच्या उरलेल्या, आता गार झालेल्या भाकरींची टोपली पुढे केली. गिरधरने हायब्रीडची एक उचलली. ती वाकवताच मोडली. सुनेने केलेली दादरची उचलली, तर ती घडी घालून धोतरात खोचावी अशी मऊ होती. त्याने ती मोडून खाल्ली, मग दुसरा तुकडा खाल्ला, आणि शिबिराचं नाव काढलं नाही.

"आपला दहा एकरमा तू तुन्हं पेर," धनुबाईने त्याला सांगितलं. "पोता इकाले बरा शेतस. आंबावाला वावरमा दादर, घरना तोंडसाठी. पांढरं खत नही, शेनखतच."

आबांचा चेहरा फुलायला लागला होता. ते काही बोलणार तोच धनुबाईने त्यांच्याकडे बोट केलं.

"आनि ते शेनखत तुम्ही वाहाडश्यात. सालदार नही, तुम्ही. वावर बोलस ना तुमनासंगे? मंग जा, बोलत बोलत टाका."

आणि खरोखर, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, वैशाखाच्या उन्हात गावाने पाहिलं. दगा आबा उकिरड्यावर टोपली भरतायत, गाडीत ओततायत, गाडी हाकत आंब्याकडे जातायत. चाळीस वर्षं त्या वावराचं गुणगान गाणाऱ्या माणसाने त्याच्यासाठी किती टोपल्या वाहाव्या लागतात हे पहिल्यांदाच मोजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मगन आंब्याखाली त्यांच्याजवळ टेकला. आबांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि पहिला घास डोळे मिटून खाल्ला. मग हळूच म्हणाले, "मगन, बाईना हातले चव शे रे."

मगन ही बातमी पोटात ठेवणारा नव्हताच. आबांची गाडी परतायच्या आत ती धनुबाईच्या चुलीपाशी पोचली.

"त्यासले सांग, मन्हा तोंडवर सांगाले," ती भाकरी उलटवत म्हणाली.

संध्याकाळी आबा परसातून आले. अंगभर धूळ, मिशीत शेणखत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आतून सून लगबगीने उठून बाजूला झाली. आबांनी घसा साफ केला, छपराकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"भाकर... बरी व्हती आज."

धनुबाईने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावली, ती टम्म फुगेपर्यंत थांबली, आणि म्हणाली,

"पाय धुई ल्या. सकाय आखो दोन गाड्या बाकी शेतस."