बाकावरचा एजंट

तो माणूस एजंट असावा, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. फक्त कोणाचा, ते कळत नव्हतं.

मी महिन्यातून एकदा धाकट्या भावाला घेऊन धरणगावहून जळगावच्या सरकारी दवाखान्यात यायचो. मानसिक आजारांच्या खोलीबाहेर एक बाक होता आणि तो माणूस तिथं असायचाच. धुवट पायजमा, हातात पाण्याची बाटली. नातेवाइकांना तो विचारायचाही नाही, थेट पेशंटच्या शेजारी टेकायचा. एखाद्या भगताकडं गिऱ्हाईक नेत असेल, म्हणून मी भावाला जवळ ओढायचो.

एकदा त्यानं भावाला सरळ विचारलं, "गोळ्या कुठं फेकस रे?"

"कपाशीत," भाऊ म्हणाला. माझ्याशी तो तीन महिन्यांत एवढंही बोलला नव्हता.

मी भडकलो. "फेकेल कसा? मी रोज समोर बसून देतो. आणि तुम्हाला यातून काय मिळतं?"

त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. भावाला मिळायची तीच. "मी बी हाईच गोळी रोज खास. दहा वरीस व्हई ग्यात. पहिले मी बी फेकू. समोर नका बसू, भाऊ. बाजूले बसा."

माझा संशय काही गेला नाही. तरी त्या संध्याकाळी मी भावाच्या शेजारी बसलो. गोळी हातात घेऊन त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"तुझी कुठंय?"

मी उठलो आणि वर्षभर चुकवलेली ब्लडप्रेशरची गोळी फडताळातून शोधून आणली.