म्हशीचं दावं

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी माझं बूड काही नाशकात टेकत नव्हतं. सैन्यात आयुष्यभर हेलिकॉप्टर उडवलं, शेवटची बरीच वर्षं दुसऱ्यांना उडवायला शिकवलं. आता सकाळी उठलो की आधी गच्चीत जाऊन ढग बघायचे, वाऱ्याकडे गाल करायचा, आणि मग आठवायचं की आज आपल्याला फक्त कोथिंबीर आणायची आहे. हात रिकामे राहिले की मी सहल आखतो. लेह झालं, रामेश्वर झालं, कच्छचं रण दोनदा झालं. निघण्याआधी बायकोला, म्हणजे वर्षाला, आणि लेकीला टेबलाशी बसवून मी रीतसर सूचना देतो. लेक म्हणते, "बाबा, आम्ही घरची माणसं आहोत की सामान?" प्रश्न रास्त आहे, कारण सामान मी काट्यावर तोलून घेतो. हेलिकॉप्टरवाल्याला वजनाची धास्ती असते. ती नोकरीबरोबर सुटत नाही.

एवढ्या भटकंतीत घरापासून तासाभरावरचा एक प्रवास मात्र मी टाळत आलो होतो. मी उडत असे त्या दिवशी माझा 'उतरलो' असा फोन येईपर्यंत वर्षा देवापुढचा दिवा विझू देत नसे. तिने त्र्यंबकराजाला बोलून ठेवलं होतं, की हे शेवटचं उड्डाण करून सुखरूप घरी आले की आम्ही दोघं ब्रह्मगिरीची फेरी करू. मी यावर विनोद करायचो. म्हणायचो, उतरवतो मी आणि नारळ त्याला! देवाशी माझं भांडण नव्हतं. फक्त त्याला कामाला लावायची वेळ आपल्यावर येणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

शेवटी गेल्या श्रावणात तिने विचारायचं सोडून दिलं. तिच्या त्या गप्प राहण्याला मी घाबरलो आणि फेरी ठरवली. सोमवारी लोकांचा पूर लोटतो, म्हणून मी हुशारीने बुधवार निवडला. खांद्यावरच्या पिशवीचं वजन तीन किलो ठरवलं होतं. काट्याने साडेतीन दाखवलं. मग मी एक दुर्बीण राहू दिली आणि एक निळा बटवा काढून टाकला. त्यात हिच्या टिकल्या, सुईदोरा असलं काही असणार, असा माझा अंदाज. विचारलं नाही. कप्तान विचारत नसतो.

कुशावर्तावर पाय धुऊन निघालो तेव्हा झकास उघडीप होती. अर्धी वाट सरली आणि माझ्या पायात जुनी वळवळ सुरू झाली. पायवाट डोंगराला लांबच लांब वळसा घालत होती. मी दुर्बीण लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "या सोंडेवरून सरळ गेलं तर तासभर वाचेल."

वर्षा म्हणाली, "अहो, फेरी आहे ती. वाचवायची कशाला?"

पण मी पुढे निघालोही होतो. सोंडेवर पोचलो आणि ढग खाली उतरला. अक्षरशः पाच मिनिटांत माझेच पाय मला दिसेनासे झाले. चढाने वर्षाला धाप लागली होती, त्यात ही गार ओल. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिला दमा आहे, पण वर्षानुवर्षं आटोक्यात असलेला. ती खाली बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "निळा बटवा द्या."

तिचा श्वासाचा पंप त्या बटव्यात होता. आणि बटवा नाशकात, जेवणाच्या टेबलावर.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, कारण बोलायला श्वास नव्हता. फोनला रेंज नव्हती. मी तिला हाताला धरून उतार शोधू लागलो. ढगात शिरलं की तोल सांभाळणारे आपले कान आपल्याशी खोटं बोलतात, शरीर सांगेल त्यावर विसंबू नका, समोरच्या यंत्रांच्या काट्यांकडे बघा, हे मी वर्गात शेकडो वेळा शिकवलेलं. आता काटे होते ते फक्त करवंदीचे. तीच जाळी, तीच तुटलेली फांदी तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा कळलं की फेरी मात्र आमची चालू आहे, फारच छोटी. वर्षाचे ओठ निळसर दिसत होते. मी थांबलो.

हेलिकॉप्टरमध्ये दोघं बसतात, आणि ताबा एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा तर तो मोठ्याने बोलून द्यावा लागतो. एकाने म्हणायचं, "ताबा तुझ्याकडे." दुसऱ्याने म्हणायचं, "ताबा माझ्याकडे." उत्तर ऐकू आल्याशिवाय हात काढायचा नाही. माझे विद्यार्थी माझ्या माघारी हसत, की सर ताबा देतात पण दांड्यावरची बोटं काही काढत नाहीत. मला दुसरी प्रार्थना येत नव्हती. मी त्या पांढऱ्या ढगाकडे तोंड करून म्हणालो, "ताबा तुझ्याकडे."

आणि थांबलो. काही वेळाने उत्तर आलं.

"कुठं उलथलीस गं मेले? दीस आला डोक्यावर!"

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. ढगातून एक म्हातारी बाई निघाली. डोक्यावर इरलं, हातात दावं. "माझी म्हस पाह्यली का?"

"नाही हो मावशी. आम्ही वाट चुकलो. मी वैमानिक होतो, पण—"

"मंग इमान कुठंय?" असं म्हणून तिने मला बाजूला सारलं आणि वर्षापुढे बसली. "बाई, वाकून बस. हात गुडघ्यावं. आता फुकनीनं चूल फुकते ना, तशी फुक. हळू. लय हळू. इस्तू इझला नाय पायजे." वर्षा फुंकू लागली. शिट्टी थांबली नाही, पण दोन श्वासांमध्ये जरा जागा झाली.

मग तिने वर्षाला बगलेत धरलं आणि दाव्याचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. सोडू नको." मी म्हणालो, उतार डावीकडे असावा. ती म्हणाली, "तू गप मागनं ये." मी चालू लागलो, म्हणजे माझे पाय मागे आणि हात डावीकडे. तिला ओढ जाणवली असावी. ती न वळता म्हणाली, "वढू नको रे बाबा. सैल धर."

माझ्या विद्यार्थ्यांना जे कधी धीर करून सांगता आलं नाही, ते तिने सांगितलं. मी बोटं सैल केली. कुठे वळतोय, किती उतरतोय, काही कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते मी शोधतही नव्हतो. थोड्या वेळाने पायाखाली डांबर लागलं. मला वाटत होतं त्याच्या बरोब्बर उलट अंगाला. दुधाची एक जीप थांबली. त्र्यंबकच्या दवाखान्यात वर्षाला वाफ दिली. डॉक्टर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "अजून उशीर परवडला नसता."

पंधरा दिवसांनी आम्ही उरलेली अर्धी फेरी पुरी केली, वळसे न चुकवता. वाटेत विचारत विचारत मावशीच्या पाड्यावर गेलो. लुगडं घेतलं तिने, पेढे मात्र आधी म्हशीला भरवले.

"कुठे सापडली होती त्या दिवशी?" मी विचारलं.

"सापडंल कशाला? घरातच व्हती. मागल्या दारानं येऊन गोठ्यात हुबी. म्या वर रेकताना आयकली म्हून गेल्ये तिकडं."

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, ते तुम्हीच ओरडत असाल."

मी ओरडलो तो मावशीचा आवाज ऐकल्यानंतर. त्याआधी मी फक्त दोन शब्द बोललो होतो, तेही हळू. पण मी वाद घातला नाही.

आता पिशवी वर्षा भरते, आणि काटा मी रद्दीवाल्याला देऊन टाकला. सहली चालू आहेत, वळवळही आहे; ती काही देवाने काढून घेतली नाही. सकाळी गच्चीत जातो तेव्हा ढगांकडे बघून हात जोडतो आणि ते दोन शब्द म्हणतो. बोटं अजूनही घट्ट होऊ बघतात. मग मी वाट बघत उभा राहतो. उत्तर येतं, एवढं मला आता ठाऊक आहे. ते माझ्याच नावाने येईल असं नाही. म्हशीच्या नावानेही येतं.